ऑर्विलच्या हातचं काम

जुनी गाडी घ्यायची तर ऑर्विल जेडिनला सोबत न्यायचं, हा आमच्याकडच्या तिन्ही चर्चच्या लोकांचा अलिखित नियम होता. लग्नाला पाद्री आणि गाडीला ऑर्विल. पाद्री एखाद्या वेळी चुकला असेल, पण ऑर्विल चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकले, जोडले, रंगवले. दुकान बंद करून नऊ वर्षं झाली तरी बोलावणी चालूच. निघताना सोबत घ्यायचा तीनच वस्तू: खाली निजायला गालिच्याचा तुकडा, टोक घासून अणकुचीदार केलेला एक स्क्रूड्रायव्हर आणि बँकेनं फुकट दिलेलं, फ्रिजवर चिकटवायचं चुंबक. चुंबक लोखंडाला धरतं, भोकं बुजवायच्या लांबीला धरत नाही. पाच महिने आमचे रस्ते बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठानं पांढरे असतात आणि ते मीठ गाडीला खालून खातं. वरून रंग चकचकीत, खाली चाळण. दृष्टीआड सृष्टी. ऑर्विल म्हणायचा, "रंगाचं काय घेऊन बसलात, शेवाळाचाही रंग छान असतो."

पण विकणाऱ्याच्या तोंडावर तो कधी वाईट बोलला नाही. आमच्याकडे ती रीतच नाही. एखाद्याची गाडी कुजलेली आहे असं त्याच्या अंगणात उभं राहून सांगणं म्हणजे त्याच्या बायकोचा स्वयंपाक नावाजायचा सोडून थुंकून टाकण्यासारखं. म्हणून ऑर्विल गाडीखालून बाहेर यायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, "मला भूक लागली बुवा." घेणाऱ्यानं ओळखायचं, नको. मग हवापाण्याच्या चार गोष्टी करून दोघं निघायचे आणि कुणाचं मन दुखवायचं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या कर्मिसच्या उत्सवानंतर ऑर्विल या कामात फार कडक झाला. नखभर गंज दिसला तरी त्याला भूक लागायची. तो इतका कडक का झाला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याची मेव्हणी वर्ना डेल्व्हो हिला, ही गोष्ट घडली त्या मे महिन्यात, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. तेहेतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. बर्फात, धुक्यात, एकदा तर तापात. सत्तराव्या वाढदिवसाला तिनं टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "तेहेतीस वर्षं डोक्यावर छप्पर आणि मागे साठ पोरं घेऊन हिंडले. आता मला छप्पर नको आणि पोरंही नकोत. मला उघडी गाडी पाहिजे. साठच्या दशकातली. ऑर्व्ह, तू शोध."

"सत्तराव्या वर्षी केस उडवत फिरणार तू?"

"उडायला उरलेत किती! जे आहेत ते उडू देत."

एप्रिलपासून दोघांनी चार गाड्या पाहिल्या. चारही ठिकाणी ऑर्विलला भूक लागली. शेवटच्या ठिकाणी वर्ना वैतागून म्हणाली, "तुझ्या भुकेनं मी म्हातारी व्हायची." पण ऐकलं तिनं. त्याची बायको, म्हणजे वर्नाची बहीण जेनेट, गेल्यापासून दोघं दर शुक्रवारी एकत्र मासे खायला जायचे, आणि ऑर्विलचा शब्द तिला बायबलच्या खालोखाल होता.

पाचवी गाडी मॅनिटोवॉक गावात सापडली. चौसष्ट सालची मर्क्युरी कॉमेट, लाल, पांढरं कापडी छप्पर. मालक ग्लेन रॅटकी, कागद कारखान्यातून निवृत्त झालेला, गोरापान, लाजाळू माणूस. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून विकत होता. शनिवारी सकाळी त्यानं गॅरेजचं दार वर केलं आणि वर्नाच्या तोंडून फक्त "अगं बाई" एवढंच निघालं. आतली पांढरी बैठक, चाकांच्या चकचकीत थाळ्या, मागे निमुळते दिवे. तिच्या पर्समध्ये बँकेचा साडेचौदा हजार डॉलरचा चेक तयारच होता.

ऑर्विल गालिच्याचा तुकडा टाकून वाकणार, तोच ग्लेन म्हणाला, "खाली कशाला निजताय? कागद बघा ना. हिचं खालचं सगळं काम तुमच्याच बाजूच्या एका माणसानं केलंय. फार नावाजलेला आहे म्हणतात. आयोवात मी ही घेतली ती हे बिल बघूनच."

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. ऑर्विलला चष्मा लावायची गरज पडली नाही. स्वतःचं अक्षर माणूस दहा पावलांवरून ओळखतो. *जेडिन बॉडी शॉप. सप्टेंबर १९८८. दाराखालच्या दोन्ही पेट्या नवीन बसवल्या.* खाली सही.

वर्नानं कागद हिसकावलाच. "अरे देवा! अहो रॅटकी, हा काय तुमच्यासमोर उभा आहे! हाच तो जेडिन!"

ग्लेननं ऑर्विलचा हात दोन्ही हातांत धरला. देवळातला संत पायऱ्या उतरून गॅरेजमध्ये आल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "तुम्ही? तुम्ही स्वतः? मग आता बोलायलाच नको."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," वर्ना म्हणाली.

ऑर्विलनं मात्र आता गाडी ओळखली. तेव्हा ती निळी होती. गावातल्या औषधवाल्या नॉर्बर्टची. कर्मिस म्हणजे आमचा सुगीचा उत्सव. प्रार्थना, मोठ्या कढईतला बूया नावाचा कोंबडीचा रस्सा, बँड, नाच आणि मिरवणूक. त्या वर्षीच्या मिरवणुकीत उत्सवाची राणी उघड्या गाडीतून जायची होती आणि उघडी गाडी गावात एकच होती, नॉर्बर्टची. छप्पर असलेल्या गाडीचं निम्मं बळ छपरात असतं. उघडीला तो आधार नाही. तिला मधोमध सावरून धरतात त्या दारांखालच्या दोन पोलादी पेट्या. नॉर्बर्टच्या गाडीच्या त्या पेट्या कुजून भुगा झाल्या होत्या. ऑर्विलनं नव्या मागवल्या, साऱ्या गावाला "होऊन जाईल" सांगितलं, आणि मिरवणूक तीन दिवसांवर आली तरी पेट्या आल्याच नाहीत.

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण उत्सवाला नाही म्हणायचं, तेही सगळ्या गावाच्या तोंडावर? ऑर्विलनं चीजच्या कारखान्याची जुनी पाटी कापली, तो पत्रा भोकांवर रिव्हेटनं ठोकला, आत वर्तमानपत्रं आणि फुगून घट्ट होणारा फेस भरला, वर लांबी, वर डांबर. मिरवणूक चालीच्या वेगानं जाते, त्याला काय होतंय! सोमवारी गाडी परत आणू आणि नीट काम करू. नॉर्बर्टला बिल हवं होतं म्हणून बिलावर पुढचं काम आधीच लिहून टाकलं. सोमवारी नॉर्बर्टनं गाडी आणली नाही. हिवाळ्यासाठी झाकून ठेवली, आणि बर्फ वितळायच्या आत आयोवाच्या एका माणसाला विकूनही टाकली. आयोवाला फोन करणं काही अवघड नव्हतं. ऑर्विलनं तो केला नाही. आधी लाज म्हणून, मग उशीर झाला म्हणून, मग ती गाडी एव्हाना भंगारात गेली असेल म्हणून.

तीस वर्षं झाकलेली मूठ सव्वा लाखाची होती. आता ती मूठ लाल रंग लावून समोर उभी होती.

ऑर्विल तरीही खाली निजला. दाराखाली बोटाच्या पेरानं ठोकलं. पोलाद टण वाजतं, हे थप वाजलं. बिलावरची ओळ खरी करून कुणी मधल्या काळात नव्या पेट्या बसवल्या असतील, ही एक वेडी आशा होती, तीही गेली. तो बाहेर आला, हात पुसले आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मला भूक लागली बुवा."

वर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. मग खो खो हसली.

"पुरे रे! स्वतःचं काम पास करायला लाजतोयस होय?" ती ग्लेनकडे वळली. "याचं हे असंच. कुणी वाखाणलं की बिळात शिरतो. बायकोनं केलेल्या केकला चांगलं म्हणायलाही यानं दहा वर्षं घेतली."

"आमचे वडील असेच होते," ग्लेन कौतुकानं म्हणाला.

"वर्ना, खरंच भूक लागलीये मला."

"मी सकाळीच ॲपल पाय खाल्लाय. मला नाही लागली. चल, चालवून बघू."

झालं. आयुष्यभर ज्या एका वाक्यानं त्यानं शेकडो लोकांना वाचवलं, ते वाक्य आज विनय ठरलं. आमच्या लोकांना स्वतःची स्तुती करणारा माणूस ताबडतोब ओळखू येतो, स्वतःवर पांघरूण घालणारा मात्र येत नाही. विनय असो की लपवाछपवी, माणूस खाली मान घालूनच उभा असतो.

वर्नानं छप्पर मागे पाडलं, रुमाल बांधला आणि गाडी रस्त्यावर घेतली. ऑर्विल शेजारी. तिचं तोंड हसून हसून दुखत असेल. त्याचं सगळं लक्ष दाराच्या फटीकडे. समोरच्या काचेच्या खांबाशी दाराची फट वर बारीक, खाली रुंद. गाडी मधून वाकते आहे. प्रत्येक खड्ड्याला ती फट श्वास घेतल्यासारखी हलत होती.

"जरा हळू घे."

"पस्तीस मैलांनी चाललेय, ऑर्व्ह. बसच्या पोरांनी झोपा काढल्या असत्या."

"तरी हळू."

"उद्या चर्चला हिनंच जाणार. मागे शेजारच्या बर्निसला बसवते. आणि पुढच्या रविवारी शेरीची पोरं येतायत मिलवॉकीहून, तिघंही मागे. हायवेनं पार स्टर्जन बे पर्यंत! चेरी फुललीये."

हायवे. पासष्ट मैल वेग आणि मागे वर्नाच्या लेकीची तीन पोरं. ऑर्विलनं दाराचा दांडा घट्ट धरला. सांग, सांग, असं त्याचं मन म्हणत होतं. पण शुक्रवारचे मासे, चर्चमधली जागा, लोकांचं येऊन हात दोन्ही हातांत धरणं, सगळं एका वाक्यानं जाणार होतं.

पुढे रेल्वेचं फाटक आलं. दिवा नाही, घंटा नाही, आगगाडी येत नव्हती हे दोन्हीकडे मैलभर दिसत होतं. तरी वर्नानं रुळांच्या पंधरा फूट अलीकडे कॉमेट थांबवली. शाळेच्या बसला प्रत्येक रुळापाशी थांबावंच लागतं, दार उघडून कान द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. तेहेतीस वर्षं रोज चार वेळा. डोक्यावर छप्पर नाही, चारी बाजूंनी उघडं आकाश, तरी वर्नाचा हात गेला आणि तिनं आपलं दार उघडलं. कान दिला. मग स्वतःशीच हसली. "बघ ना, खोड जात नाही मेली."

आणि दार ओढलं. लागलं नाही.

पुन्हा ओढलं. दाराची जीभ खाचेच्या अर्धा इंच खाली आदळली. जोरात आपटलं. ठण्ण. उचलून लावलं, तरी नाही. दार बंद होतं तोवर तेच गाडीला मधून टेकू देत होतं. उघडलं आणि खड्ड्यांनी खिळखिळी झालेली गाडी बसली.

वर्नानं त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं रे याला?"

आता विचारलं तिनं, सरळ. आता सांगायचं होतं. आणि ऑर्विल म्हणाला, "बिजागरी. झिजली असेल."

"एवढंच ना? तू दोन तासांत करशील."

"हं."

तिनं लगेच मानलं, हेच त्याला सहन झालं नाही. एक शब्द, आणि मानलं. परतीचे चार मैल तिनं एका हातानं दार धरून गाडी चालवली आणि बर्निस कुठला रुमाल बांधेल यावर बोलत राहिली. ऑर्विलला कळून चुकलं की अठ्ठ्याऐंशीचं खोटं तरी तीन दिवसांच्या घाईतलं होतं. आत्ताचं त्यानं पूर्ण शुद्धीवर, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जेनेटच्या बहिणीला सांगितलं होतं.

गॅरेजमध्ये ग्लेननं मालकीचा कागद आणि पेन बाकावर काढूनच ठेवलं होतं. "कशी वाटली?"

"लोण्यासारखी!" वर्नानं पर्स उघडली. चेक बाहेर आला.

"ग्लेन," ऑर्विल म्हणाला, "तुमच्याकडे जॅक आहे?"

"आहे की. कशाला?"

"द्या."

"ऑर्व्ह, बिजागरीला जॅक कशाला लागतो?" वर्ना म्हणाली.

"बिजागरी नाहीये ती."

त्यानं स्वतःच जॅक सरकवला, गाडीच्या मधोमध, दाराखाली. दांडा दाबला. चाक उचललं जायला हवं होतं. चाक जागचं हललं नाही. जॅकचं डोकं सावकाश, कुरकुर करत आत शिरलं, शिळ्या पावात अंगठा जावा तसं. डांबराची खपली पडली. ऑर्विल गुडघ्यांवर बसला, स्क्रूड्रायव्हर खुपसला, लांबीचा हातभर तुकडा उकलून काढला आणि खालचा पत्रा वाकवला. पिवळ्या पत्र्यावर हिरव्या रंगात *चीज* या शब्दाचा अर्धा भाग होता. आत तपकिरी झालेली वर्तमानपत्रं.

वर्ना आणि ग्लेन वाकले. ऑर्विल बोलला, जमिनीकडे बघून.

"नव्या पेट्या मी बसवल्याच नाहीत. आल्या नव्हत्या वेळेवर. कर्मिस होता. हे असं भरलं आणि बिलावर नवीन लिहिलं. सोमवारी करणार होतो. झालं नाही. मग मी गप्प बसलो."

ग्लेनच्या चेहऱ्यावरचा तो लाजाळूपणा हळूहळू उतरला. "माझी नातवंडं बसतात यात," तो म्हणाला. "आठ वर्षं. दर चार जुलैला."

"मला माहीत नव्हतं ही कुठे आहे."

"तुम्ही शोधली का?"

"नाही."

ऑर्विल उठला. "ग्लेन, मी करून देतो. नवीन पोलाद, दोन्ही बाजू, सगळा खर्च माझा. महिनाभरात. पुढची पन्नास वर्षं..."

"नको," ग्लेन म्हणाला. आवाज चढवला नाही, आमचे लोक चढवत नाहीत. "तुमचा हात नको आता हिला."

वर्ना इतका वेळ तो पिवळा पत्रा बघत होती. चेक तिच्या हातात तसाच होता.

"कुठला कर्मिस?" तिनं विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"अठ्ठ्याऐंशीला राणी माझी शेरी होती."

"हो."

"मागे टपाच्या काठावर बसवली होती तिला. पट्टा नाही, काही नाही. आणि मिरवणूक संपल्यावर नॉर्बर्टनं तिला नि तिच्या चार मैत्रिणींना तळ्यापर्यंत फिरवून आणलं. हायवेनं. आपण सगळे हात हलवत होतो."

"हो."

"तूही हलवत होतास. जेनेटच्या शेजारी उभा राहून."

ऑर्विलनं स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. त्याला आठवत होतं. त्या दिवशी गाडी परत येईपर्यंत त्यानं बूयाचा घास घेतला नव्हता, आणि जेनेट म्हणाली होती की तुला ताप आहे का.

वर्नानं चेक घडी करून पर्समध्ये ठेवला. ग्लेनची माफी मागितली, जणू तिनंच काही केलं होतं. मग ऑर्विलच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. घरापर्यंतच्या चाळीस मैलांत ऑर्विलनं रेडिओ लावायची हिंमत केली नाही.

पुढच्या शुक्रवारी ऑर्विल एकटाच मासे खायला गेला. लांब टेबलावर नेहमीचे सगळे होते. वर्नानं कुणाला सांगितलं नव्हतं हे पहिल्या मिनिटातच कळलं, कारण सगळे नेहमीसारखे थट्टा करत होते. म्हणून त्यानंच सांगितलं. उभं राहून, कोबीच्या कोलस्लॉची वाटी हातात धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोक म्हणाले, "जाऊ दे रे ऑर्व्ह, तीस वर्षं झाली." म्हणाले, "कुणाला काही झालं नाही ना, बस." एकानं त्याच्यासाठी ब्रँडी मागवली. सगळे फार चांगले वागले. आणि त्यानंतर तीन आठवडे गाडी बघायला चल म्हणून त्याला एकाचाही फोन आला नाही.

चौथ्या आठवड्यात फोन वाजला. वर्ना.

"केवॉनीला एक रॅम्बलर आहे. उघडी. पासष्टची. आपल्या केनोशाच्या कारखान्यातली."

"वर्ना..."

"दहा वाजता मला घ्यायला ये. गालिचा मोठा आण."

गालिचा मोठा कशाला, ते त्याला तिथं पोचेपर्यंत कळलं नाही. रॅम्बलर राखाडी, रंग उडालेली, बैठकीवर चिकटपट्ट्या. मालक एक बाई होती, ती कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेली. ऑर्विलनं गालिचा पसरला, स्क्रूड्रायव्हर घेऊन पाठीवर निजला आणि गाडीखाली सरकला. शेजारी गालिच्यावर काहीतरी धप्पकन पडलं. वर्ना. चर्चला जाताना घालायचा कोट, सत्तर वर्षांची कंबर, हातात विजेरी. कण्हत, शिव्या घालत ती त्याच्या खांद्याला खांदा लावून गाडीखाली सरकली. इतक्या वर्षांत ती नेहमी बाहेर पर्स धरून उभी राहायची.

"तुला इथं काय दिसणार?" तो हळूच म्हणाला.

"नाही दिसलं तर विचारीन." तिनं विजेरी लावली. "इथून सुरुवात कर. टोच. मी बघते."

त्यानं टोचलं. पोलाद टण वाजलं.

"आता पुढे."

तो बोटभर पुढे सरकला. तिनं प्रकाशही बोटभर पुढे सरकवला. त्याच्या शब्दावर तिनं पुन्हा काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तरी ती त्यालाच घेऊन आली होती. ऑर्विलचे डोळे भरून आले. वरून गंजाची बारीक पूड पडत होती, त्यामुळे ते पुसायला निमित्त होतं.

"रडू नंतर," वर्ना म्हणाली. "अजून अख्खी बाजू राहिलीये."